टाकीवालाच कॉम्प्रेसर घ्या
घरच्या शाडूच्या गणपतीसाठी एअरब्रश (हवेच्या जोरावर रंग फवारणारं पेन) घेताना त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर हवा साठवायच्या टाकीशिवायचा, छोटा चालेल का, असं तुम्ही विचारलंय. थोडे पैसे जास्त गेले तरी टाकीवालाच घ्या. बिनटाकीच्या यंत्राची हवा धडधडत येते, गालावरची छटा सलग उतरत नाही. पाणी अडवणारा फिल्टर तर हवाच! आपण मूर्ती रंगवतो ऐन पावसाळ्यात. दमट हवेतलं पाणी नळीत साठतं आणि थेंब थेट चेहऱ्यावर उडतो. माझी एक मूर्ती अशीच डागाळली, फार वाईट वाटलं. एअरब्रश डबल ॲक्शन घ्या, म्हणजे खटका दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग येणारा; त्याचं नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं टोक, ०.३ मिमीचं. रंग दुधाइतका पातळ, हवेचा दाब १५ ते २० पीएसआय (दाब मोजायचं एकक). आधी वर्तमानपत्रावर हात बसू द्या. डोळ्यांची आखणी मात्र साध्या बारीक ब्रशनेच करा.