आईचं नाव अपात्र आलंय, अर्जंट मदत हवी आहे

भांडुपचा_गणू:
नमस्कार मंडळी, कोणीतरी लवकर सांगा. आमच्या एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचं) परिशिष्ट-२, म्हणजे पात्र-अपात्र रहिवाशांची यादी लागली, त्यात आईच्या नावापुढे 'अपात्र'. आजूबाजूच्या सगळ्यांना भाड्याचे चेक मिळाले, ते रूम खाली करून चाललेत, आम्ही कुठे जायचं? सोसायटीवाले म्हणतात नंतर बघू. लाईट बिल, मतदार यादी, रेशनकार्ड सगळं आहे. काय करू??

चाळकरी७२:
सगळं आहे म्हणजे कोणत्या सालचं? १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर घर फुकट, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असेल तर अडीच लाख भरून. साल न सांगता कोण काय सांगणार.

माधुरी_के:
आणि यादीत शेरा असतो बघा, अपात्र का ते. तो जसाच्या तसा टाका.

विरारकर_दादा:
कशाला त्या भानगडीत पडताय, म्हाडाची लॉटरी भरा. घरातलं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत असेल तर अत्यल्प गट. मला तिसऱ्या खेपेला लागली.

चाळकरी७२:
दादा, ज्याच्याकडे भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट नाही त्याला लॉटरी सांगताय? लागली तरी पुढचे पैसे कुठून आणायचे, बँक काय नाका कामगाराला लोन देते का

विरारकर_दादा:
मग एसआरएच्या ३०० फुटात कोंडून घ्यायचं का? लिफ्ट बंद, पाणी नाही, मेंटेनन्स भरून मेटाकुटीला आलेले बघितलेत मी.

चाळकरी७२:
आम्ही २२५ फुटात सहा माणसं राहिलोय, आम्हाला नका शिकवू.

भांडुपचा_गणू:
अहो भांडू नका ना. बिल १९९८ चं आहे. शेरा 'पोटमाळा' असं कायतरी आहे.

माधुरी_के:
अहो हे आधी सांगायचं! वर राहता? खाली कोण? मीटर कोणाच्या नावावर?

भांडुपचा_गणू:
खाली काका, वर आम्ही, बाहेरून लोखंडी जिना आहे. मीटर एकच, आजोबांच्या नावावर, ते वारले, वडीलही वारले. यादीत काका पात्र.

सायन_स्टेशन:
धारावीत वरच्या मजल्यावाल्यांना पण घर देतायत, तुम्ही पण मागा.

माधुरी_के:
ते फक्त धारावी प्रकल्पात, आणि तेही धारावीबाहेर, हप्त्याने पैसे भरून. भांडुपला त्याचा काय उपयोग. गणू, एका झोपडीला एकच घर मिळतं, माळ्याचं वेगळं नाही, त्यामुळे 'आम्ही वर राहतो' यावर भांडत बसू नका. झोपडी आजोबांची होती ना? मग वारस म्हणून काकांबरोबर तुमचंही नाव लागायला हवं, त्यासाठी अपील टाका, मुदत चुकवू नका, पोच घ्या. वडिलांचे आणि आजोबांचे मृत्यू दाखले जोडा. काकांनी संमती लिहून दिली तर अर्धं काम तिथेच होईल.

नवीन_सभासद_११:
चेंबूरला एसआरएतली रूम स्वस्तात मिळतेय, वाटप होऊन तीनच वर्षं झालीत, मालक म्हणतो नोटरी करून देतो. घेऊ का?

भांडुपचा_गणू:
माधुरीताई, काकांशी सहा वर्षं बोलणं नाही. जिना त्यावरूनच बाहेर काढला.

नवीन_सभासद_११:
धागा वर आणतोय. माझं कोणीच सांगितलं नाही.