काढणीनंतर वाफ्यात परत उगवलेले बटाटे: तुमचा अनुभव सांगा

लातूर: माघात बटाटे काढले, वाफा खणून उन्हात तापू दिला. मृगाचा पाऊस झाला आणि वांग्याच्या रोपांमधून बटाट्याची जाड, सुरकुतलेली पालवी वर आली. ठेवायची की उपटायची? मराठवाड्यातल्या परसबागवाल्यांनी अनुभव लिहा.

परभणी: काळ्या रानात हे होणारच. ढेकळात अडकलेला सुपारीएवढा बटाटा नजरेला पडतच नाही. काढल्यावर दोन-तीन महिने त्याचे डोळे झोपलेले असतात. बहुतेक बटाटे चैत्र-वैशाखात सुकतात किंवा सडतात, ओलाव्याला असलेले तगतात. आमच्याकडं न्हाणीचं पाणी जातं त्या कडेलाच दरवर्षी उगवतात.

बीड: मी हौसेनं राखले. झाडं गुडघ्याला लागली, पोळ्याच्या सुमारास उकरलं तर खाली मूठभर बारीक बटाटे. रात्री 20 अंशांच्या खाली उतरल्या तरच बटाटा नीट पोसतो. पावसाळ्यात पालाच माजतो. तरी नातवंडांना उकरायला मिळाले, मला तेवढं पुरलं.

धाराशिव: ताई, हौस ठीक आहे, पण शेजारी टोमॅटो, वांगी, मिरची असेल तर ठेवू नका. सगळी एकाच कुळातली. मागं बटाट्याच्या खालच्या पानांवर तपकिरी, कड्याकड्यांचे डाग दिसले, थोड्याच दिवसांत टोमॅटोवर तोच करपा. नुसता पाला ओढून भागत नाही, खालचा बटाटा राहिला की परत फुटतो. वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी झाली, की खुरपं खोडापासून वीतभर लांब, खोल घाला आणि बटाट्यासकट सगळं उचला. उकिरड्यावर टाकू नका, तिथंबी उगवतात. आम्ही उन्हात खडखडीत वाळवून जाळतो.

वसमत: आमच्या हळदीचंबी असंच. काढणीत मोडलेलं हळकुंड रानात राहिलं की पहिल्या पावसाला हिरवं पान वर. एक सांगते, मातीबाहेर राहून हिरवे झालेले बटाटे खाऊ नका. त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं, शिजवूनही जात नाही. माझी सासू तसले बटाटे सुपातूनच बाजूला काढायची.

लातूर: धाराशिवच्या दादांचं पटलं. वांग्यातले सगळे काढते. रिकाम्या जागेत गवार टोकायची म्हणते, चालेल ना?

धाराशिव: चालेल की. पुढच्या हंगामात बटाटा मात्र दुसऱ्या वाफ्यात लावा.