विकिडेटा क्वेरी सर्व्हिस: एरर नाही, पण शोधनिबंधांच्या ओळी शून्य

निळी_शाई

वटवाघळांवर एक छोटं संकेतस्थळ चालवते. प्रत्येक प्रजातीचं एक पान, आणि पानाच्या तळाशी त्या प्रजातीवरचे शोधनिबंध, लेखकांच्या नावांसकट. सगळं विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्याच्या क्वेरी सर्व्हिसमधून, म्हणजे प्रश्न (क्वेरी) लिहून माहिती काढायच्या सेवेतून, येतं. स्क्रिप्ट दर रविवारी रात्री आपली आपण चालते, त्यामुळे बरेच महिने मी तिकडे फिरकलेच नव्हते.

मागच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं: "या प्रजातीवर आजवर काहीच संशोधन झालेलं नाही का?" पान उघडलं तर निबंधांची यादी रिकामी. दुसरं उघडलं, तेही रिकामं. एखाददुसरं पुस्तक सोडलं तर सगळीकडे तेच. माझ्या पानावर विसंबून कुणी चुकीचा समज करून घेतला, हे मला फार लागलं.

क्वेरी साधी आहे. पी१७१ ची, म्हणजे 'वरचा वर्ग' या विधानाची, साखळी धरून वटवाघळांच्या सगळ्या प्रजाती घ्यायच्या आणि ज्यांच्या पी९२१ मध्ये, म्हणजे मुख्य विषयात, ती प्रजाती आहे असे निबंध शोधायचे. लॉगमध्ये एरर नाही, टाइमआउट नाही, दर वेळी २००, म्हणजे 'सगळं ठीक' असा कोड, आणि ओळी शून्य. निबंधाची नोंद विकिडेटावर थेट उघडली तर ती जागच्या जागी आहे. मग क्वेरीला का सापडत नाही?

शिवाय काही लेखकांच्या नावाच्या जागी नुसता क्यू आणि आकडा, म्हणजे विकिडेटावरचा नोंद-क्रमांक, दिसतो. हे आधी नव्हतं.

अर्धविराम

डेटा कुठेही गेलेला नाही, घर बदललंय. मे २०२५ मध्ये क्वेरी सर्व्हिसचा ग्राफ, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींचा साठा, दोन भागांत विभागला. शोधनिबंधांच्या नोंदी एकीकडे, बाकीचं विकिडेटा दुसरीकडे. जुन्या पत्त्यावर आता फक्त मुख्य ग्राफ आहे. निबंधांसाठी 'क्वेरी-स्कॉलर्ली' नावाचा वेगळा एंडपॉइंट, म्हणजे क्वेरी पाठवायचा पत्ता, आहे.

कारण सरळ आहे. सर्व्हिस ब्लेझग्राफ या डेटाबेसवर चालते, त्या सॉफ्टवेअरचा विकास कधीच थांबलाय, आणि ग्राफचा जवळजवळ निम्मा भार एकट्या शोधनिबंधांचा होता. ग्राफ तसाच फुगू दिला असता तर एक दिवस सगळंच बसलं असतं.

आता तुमच्या क्वेरीपुरतं नीट बघा. पी९२१ हे विधान निबंधाच्या नोंदीवर असतं, म्हणून ते निबंधांच्या ग्राफमध्ये. पी१७१ प्रजातीच्या नोंदीवर, म्हणून मुख्य ग्राफमध्ये. तुमची क्वेरी नेमकी या भिंतीवर बसलीये. दोन्ही जोडायला फेडरेशन, म्हणजे एकाच क्वेरीतून दुसऱ्या ग्राफलाही विचारायची सोय, आहे: सर्व्हिस हा शब्द, पुढे दुसऱ्या ग्राफचं नाव, आणि त्या भागाची अट महिरपी कंसात.

धागेदोरे

क्यू-आकड्यांचं कोडं वेगळं आहे. तुमच्या लेबल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आकड्यांच्या जागी नावं आणणाऱ्या भागात, भाषा कोणत्या दिल्यात? फक्त मराठी आणि इंग्रजी असतील तर तिथेच गोम आहे. आता 'एमयूएल' नावाचा एक भाषा-कोड आलाय, म्हणजे सर्व भाषांसाठी एकच लेबल. माणसांची नावं आणि शास्त्रीय नावं बहुतेक भाषांत सारखीच लिहिली जातात, तेव्हा ती एकदाच तिथे ठेवता येतात. पण लेबल सर्व्हिस तुम्ही दिलेल्या यादीबाहेर बघत नाही. मराठी, मग एमयूएल, मग इंग्रजी असा क्रम द्या.

निळी_शाई

नावं परत आली! मनापासून आभार.

फेडरेशन मात्र जमेना. एका प्रजातीसाठी लगेच उत्तर येतं, पण सगळ्या वटवाघळांसाठी चालवलं की ६० सेकंदांच्या मर्यादेवर तुटतं. प्रजाती १४०० च्या वर आहेत.

अर्धविराम

मग फेडरेशन सोडाच. ते एखाद्या प्रजातीसाठी ठीक, रविवारच्या घाऊक कामासाठी नाही. तीन टप्पे करा. प्रजातींचे क्यू-आकडे मुख्य एंडपॉइंटवरून एकदा काढून फाइलमध्ये ठेवा. मग पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून 'व्हॅल्यूज' मधून, म्हणजे क्वेरीतच यादी लिहून, ते निबंधांच्या एंडपॉइंटला द्या. निबंधाचं शीर्षक तिथेच मिळेल. लेखक मात्र माणसं आहेत, त्यांच्या नोंदी मुख्य ग्राफमध्ये, म्हणून तिथून फक्त त्यांचे आकडे घ्या आणि नावं शेवटी मुख्य एंडपॉइंटला विचारा.

गठ्ठे एकामागून एक पाठवा, एकदम नको. एका क्लायंटला दर मिनिटाला ६० सेकंदांचा प्रोसेसिंग वेळ मिळतो, तो संपला की ४२९, म्हणजे 'फार विनंत्या झाल्या' असा नकार, येतो. सोबतच्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये लिहिलंय तेवढं थांबा. आणि यूजर-एजंटमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट स्वतःची ओळख देते त्या ओळीत, संकेतस्थळाचा पत्ता आणि संपर्क जरूर द्या.

धागेदोरे

एक भर. स्क्रिप्टमध्ये नुसता २०० तपासू नका, ओळीही मोजा. मागच्या रविवारपेक्षा निबंध निम्म्याहून कमी आले तर जुनं पान तसंच राहू द्या आणि स्वतःला मेल पाठवा.

निळी_शाई

काल रात्री गठ्ठ्यांनी चालवलं. एकोणतीस गठ्ठे, त्यातले दोन ४२९ वर अडले, थांबून परत पाठवले तर आले. याद्या भरल्या. काही पानांवर तर आधी नव्हते असे निबंधही दिसले. ओळी मोजायची अटही घातली.

आता त्या वाचकाला उत्तर लिहायला बसते. त्यांनी विचारलेल्या प्रजातीवर अकरा निबंध आहेत.