प्रार्थनेला उत्तर नाही, म्हणजे आमचाच विश्वास कमी?

नगरची_माहेरवाशीण
जय ख्रिस्त. परवा 'विजयी_जीवन' यांनी इथे लिहिलं की प्रार्थनेला उत्तर येत नसेल तर कारणं तीनच : लपवलेलं पाप, द्विधा मन, नाहीतर दशमांशात, म्हणजे मंडळीला द्यायच्या कमाईच्या दहाव्या हिश्शात, केलेली काटछाट. खाली आमेनची ही रांग. गप्प बसायचं ठरवलं होतं, पण बसवत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आई दर शुक्रवारी उपास धरायची, पहाटे गुडघ्यावर असायची. महिला मंडळाने साखळी प्रार्थना लावली. बाहेरगावच्या एका सेवकाने तर डोक्यावर हात ठेवून "चंगाई झाली, धन्यवाद द्या" असं जाहीरच करून टाकलं. भाऊ गेला. माती होऊन आठवडा झाला नसेल, मंडळीतल्याच एक बाई आल्या, चहा घेतला आणि आईला म्हणाल्या, "शत्रूला, सैतानाला, घरात कुठं दार उघडं राहिलं होतं का, जरा आठवून बघा." भावाचं जाणं आईने सोसलं. हे वाक्य तिला अजून सोसत नाही. रात्री उठून आठवत बसते.

विजयीभाऊ, बायबल तुम्हीही वाचता. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, काटा राहिला. सोबती त्रफिमाला त्याने मिलेतात आजारीच सोडलं. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर 'विश्वास वाढव' असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. यातल्या कोणाचा दशमांश थकला होता? गेथशेमानेत खुद्द प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितलं. टळला नाही. तिथे लपलेलं पाप कोणाचं होतं? दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रही तुमच्यासारखीच कारणं सांगत बसले होते. शेवटच्या अध्यायात देवाचा राग कोणावर भडकतो, ते एकदा काढून बघा.

विजयी_जीवन
ताई, तुमच्या दुःखाचा आदर आहे. पण वचन आपल्या भावनेप्रमाणे वाकत नाही. नासरेथकरांच्या अविश्वासामुळे प्रभूने तिथे फारशी अद्भुतं केली नाहीत, मत्तय १३:५८. संशय धरणाऱ्याने प्रभूपासून काही मिळेल असं समजू नये, याकोब १. आणि याकोब ५ म्हणतो, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. त्यात 'कदाचित' कुठे आहे?

माझा मुलगा डेंगीने आयसीयूत होता. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली. डॉक्टरांनी सही मागितली. मी आणि मिसेसनी रात्रभर पॅसेजमध्ये उभं राहून प्रार्थना केली, सकाळी आकडा चढला. हे मी साक्षीत सांगायचं नाही का? तुमचं झालं नाही म्हणून माझं झालेलं खोटं?

तर्कटभाऊ
(बाप्तिस्मा झालेला, सध्या रविवारी क्रिकेट)
डेंगीत ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत प्लेटलेट आपोआप चढतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्याही चढल्या असतील, आणि तो बहुतेक गणपतीला नवस बोलला असेल.

आकडे हवेत? २००६ साली अमेरिकेत बायपासच्या १,८०२ रुग्णांवर केलेला अभ्यास छापून आला. आपल्यासाठी प्रार्थना होईलच की नाही हे ज्यांना माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांना गुंतागुंत झाली, न झालेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आणि ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं सांगितलं होतं, त्यांच्यात ५९ टक्के. म्हणजे सांगू तरी नका.

नगरची_माहेरवाशीण
तर्कटभाऊ, तुम्ही माझ्या बाजूने बोलताय असं वाटत असेल तर तसं नाही. आईने प्रार्थना सोडलेली नाही. मंडळीतही जाते, फक्त आता शेवटच्या बाकावर बसते. देव आहे की नाही हा तिचा प्रश्नच नाही. असलेल्या देवाने ऐकून न ऐकल्यासारखं का केलं, हा आहे. तुमचे ५१ आणि ५२ तिला कशाला सांगू?

तर्कटभाऊ
मग विजयींची गोष्ट तरी कशाला ऐकता? तीही एकाच मुलाची आकडेवारी.

वसईचे_नाना
मी कॅथलिक, तुमच्या भांडणात उपरा, तरी बोलतो. लग्नानंतर आम्ही दोघं माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेला, जायला लागलो. १९४८ पासून चालू आहे तो. माझी आईही जायची. कारण सांगायला नको, मूल नव्हतं. झालं नाही. बायको गेल्या वर्षी वारली. बुधवार अजून सुटलेला नाही.

संत ऑगस्टिनच्या आईचं, मोनिकेचं उदाहरण सगळे देतात की वर्षानुवर्षं रडली आणि शेवटी ३८७ साली मुलाचा बाप्तिस्मा झाला. मधला भाग कोणी सांगत नाही. मुलगा रोमला जाऊ नये म्हणून ती किनाऱ्यावरच्या प्रार्थनास्थळात रात्रभर मागत बसली आणि तो तिला फसवून त्याच रात्री गलबतात बसून गेला. सकाळी ती किनाऱ्यावर आक्रोश करत होती. तिला कोणी म्हणालं असतं का, की बाई, तुझा विश्वास कमी पडला? तो रोमहून मिलानला गेला आणि तिथेच त्याला बिशप अँब्रोज भेटले, हे तिला त्या सकाळी कुठून कळणार?

फक्त_वचन
नाना, राग मानू नका, पण मागायचं कोणाकडे हेच चुकलं तर उत्तर कुठून येईल? वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या, म्हणजे मरियेच्या, जत्रेत मेणाचं बाळही वाहिलं असेल ना?

वसईचे_नाना
हो, वाहिलं. बायकोने स्वतः निवडून घेतलं होतं. मग? पुढे बोला.

फक्त_वचन
मी तत्त्वाचं बोलत होतो.

नगरची_माहेरवाशीण
तत्त्व नंतर. आधी नानांची माफी मागा.

पेटीमास्तर
या सगळ्याचं मूळ कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. कीबोर्ड आल्यापासून हे सुरू झालं. दावीद काय गात होता? "हे परमेश्वरा, कोठवर?" बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी एक धन्यवादाची ओळसुद्धा नाही. आता रविवारी काय गातात? विजय, विजय, शत्रू पायाखाली, टाळ्या वाजवा. ज्याच्या घरी मयत झालंय त्याने पण टाळ्याच वाजवायच्या. 'उपासना संगीत' हे जुनं गीतपुस्तक कपाटात आणि भिंतीवर प्रोजेक्टर!

ड्रमर_सॅम
अंकल, आलात का पेटी घेऊन. विषय प्रार्थनेचा चाललाय.

पेटीमास्तर
विषय तोच आहे बाळा. जे गायला मिळत नाही ते माणूस बोलायलाही विसरतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी टाळ-मृदंगावर भजनं दिली. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो. देवाशी भांडायचं कसं हे तुकोबांकडे शिकला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तर घर तुटलं, लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. त्या माणसाच्या भजनात रडणं आहे, रुसणं आहे. तुमच्या हिंदी कोरसात एकच वाक्य अठ्ठावीस वेळा.

ड्रमर_सॅम
टिळक गेले १९१९ ला. त्यानंतर मंडळीत कोणी दुःखी झालंच नाही का, की नवीन गाणं लागू नये? आणि खरं सांगू? तुमच्या काळी चारमध्ये आमच्या आयांचा आवाज फाटतो. तिसऱ्या कडव्यापर्यंत तुम्ही एकटेच गात असता.

पेटीमास्तर
पट्टी काळी दोन आहे! कोण म्हणतं काळी चार?

महिला_मंडळ_सेक्रेटरी
मी म्हणते. चारच असते. आणि मधल्या आलापात तुम्ही कडवं विसरता.

फक्त_वचन
वाद्यं हवीतच कशाला? नव्या करारात एकाही मंडळीत पेटी दाखवा.

ड्रमर_सॅम
स्तोत्र १५० मध्ये झांजा आहेत, मोठ्या आवाजाच्या झांजा. म्हणजे ड्रमसेटचा अर्धा भाग झालाच.

पेटीमास्तर
झांजा म्हणजे आपले टाळ! वर्षभर विनवण्या केल्या तेव्हा सणाच्या भक्तीला एक भजन मिळालं, तेही अर्पण गोळा करताना. लोक सुट्टे शोधत होते.

ड्रमर_सॅम
ठीक आहे, आता माझं ऐका. मी तीन वर्षं नोकरीसाठी प्रार्थना करतोय. टीममधल्या सगळ्यांची साक्ष झाली : कोणाला दुबई, कोणाला बँक. मी मागे बसून प्रत्येकाच्या साक्षीनंतर ड्रमवर धडाम वाजवतो. एकदा मी गिटारवर १३ वं स्तोत्र बसवलं होतं, तेच "कोठवर". लीडर म्हणाले, छान आहे, पण माहोल डाउन होतो. त्यामुळे अंकल, तुमचा मुद्दा बरोबर आहे. तुमची पेटी नाही.

पेटीमास्तर
अर्धा तरी मान्य झाला. बाकीचा लग्न झाल्यावर होईल.

गावचा_पाळक
मी श्रीरामपूरकडच्या एका लहान मंडळीत आहे. विजयींवर सगळे तुटून पडलेत, पण ते जे बोलतात ते लोकांना हवं असतं. मी आजाऱ्याच्या घरी जाऊन "वाट पाहू या" म्हणालो तर दुसऱ्या रविवारी ते कुटुंब महामार्गावरच्या मंडपात असतं. तिथे बरं होण्याची तारीख मिळते. माझ्याकडे तारीख नसते.

धीर धरण्याबद्दल बोलायचं तर मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांच्या ज्या केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ चं संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, जिथे शेकडो मुली एका वेळी प्रार्थना करत, तिथल्या कामाचा भार पुढे मनोरमा उचलणार होती. एकुलती एक लेक. १९२१ च्या जुलैत ती गेली. आईच्या कानाला कमी ऐकू यायचं, तब्येत खचलेली, आणि समोर बायबलच्या भाषांतराचं काम. ते त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलात त्या गेल्या, भाषांतर छापून आलं १९२४ ला. मनोरमेसाठी मुक्तिसदनात प्रार्थना झाली नसेल, की तिथे विश्वासाचा तुटवडा होता? विजयीभाऊ, तीन कारणांपैकी कोणतं तिथे लावू?

तर्कटभाऊ
मुद्दा चांगला आहे पाळकसाहेब, पण यातून इतकंच सिद्ध होतं की रमाबाई खंबीर होत्या. देवाने काय केलं?

गावचा_पाळक
सिद्ध करायला बसलोच नाही मी. मनोरमा का गेली, ते मला कळलेलं नाही.

तर्कटभाऊ
'कळलेलं नाही' म्हणणारा पाळक मला लहानपणी भेटला असता तर क्रिकेट थोडं उशिरा सुरू केलं असतं.

विजयी_जीवन
रमाबाईंवर बोट ठेवण्याइतका मी मोठा नाही. दशमांशाचा मुद्दा त्या पोस्टमधून काढतो, तो माझा नव्हता, एका फॉरवर्डमधून घेतला होता. बाकीचे दोन ठेवतो, ते वचनात आहेत.

नगरची_माहेरवाशीण
वा! म्हणजे भाऊ आता पैशामुळे गेला नाही, फक्त पापामुळे गेला. आईला कळवते, बरं वाटेल तिला.

विजयी_जीवन
ताई, असं नका बोलू. माझ्या मुलासाठी आणि तुमच्या भावासाठी एकाच देवाकडे मागितलं गेलं. मला मिळालं, तुम्हाला नाही. 'आमचा विश्वास होता' असं म्हटलं नाही, तर मलाच का मिळालं, याचं माझ्याकडे उत्तर उरत नाही. हे सभेत बोलता येत नाही.

वसईचे_नाना
इथे बोललात ना. बस झालं. (फक्त_वचन यांची अजून वाट पाहतोय.)

फक्त_वचन
नाना, मेणाच्या बाळाबद्दल बोललो ते बोलायला नको होतं. मोतमाऊलीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

वसईचे_नाना
नका बदलू. तिला तुमच्या मताची सवय आहे.

नगरची_माहेरवाशीण
पाळकसाहेब, एक विचारते. साक्षीच्या वेळी माइक ज्यांना मिळालं त्यांनाच मिळतो. मुलगी नेट-सेट पास झाली, व्हिसा आला, गाठ विरघळली. ज्यांना मिळालं नाही आणि तरी जे बाकावर येऊन बसतात, त्यांना तुमच्याकडे किती मिनिटं? मध्ये मी आईला विचारलं, आता कशाला जातेस? म्हणाली, "त्याला तोंड दाखवायला. मला विसरून त्याला चालणार नाही." तिला ही साक्ष द्यायची आहे. आमच्या मंडळीत कोणी देऊ देणार नाही.

गावचा_पाळक
येऊ द्या आमच्याकडे. पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. प्रभुभोजन असतं, गर्दी असते. पाच मिनिटं.

नगरची_माहेरवाशीण
दहा. आणि ती खाली बसल्यावर "तरीही देवाची योजना चांगलीच असते" असं तुम्ही वरून जोडायचं नाही.

गावचा_पाळक
सवय आहे, जीभ वळते. प्रयत्न करतो. सात मिनिटं.

ड्रमर_सॅम
त्यानंतर १३ वं स्तोत्र मी गिटारवर म्हणू का? श्रीरामपूर मला एसटीने दोन तास.

पेटीमास्तर
म्हण. मी पेटीवर साथ देतो. पट्टी काळी दोन.

महिला_मंडळ_सेक्रेटरी
मी स्वतः येऊन बघणार आहे कोणती लावताय ती.