आई गाडी चालवताना फोन वापरते. तिला कसे समजवावे?

शेजारची जागा

माझे वय १९ आहे. हा प्रश्न घरात काढला की दर वेळी त्याचे भांडण होते, म्हणून अखेर येथे मांडत आहे. आई उत्तम गाडी चालवते, हे आधीच सांगते. वीस वर्षांत तिच्या हातून गाडीला साधा ओरखडाही आलेला नाही, आणि नेमकी हीच गोष्ट माझ्या आड येते. फोन वाजला की ती तो घेते. संदेश आला की एक हात स्टिअरिंगवर ठेवून वाचते, आणि पुढची वाहने मंदावली की उत्तरही लिहू लागते. मी काही बोलले, तर तिची उत्तरे ठरलेली आहेत. ‘माझं लक्ष आहे गं’, ‘कामाचा फोन आहे, घ्यावाच लागतो’, आणि मी फारच मागे लागले तर, ‘तुला गाडी शिकवली कोणी?’ गाडी मला तिनेच शिकवली आहे, त्यामुळे या शेवटच्या प्रश्नापुढे माझे काही चालत नाही.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांवरून निम्मे अंतर पार करून आले होते, तरी ते आईला दिसले नाहीत, कारण ती फोनवर आलेला पत्ता वाचत होती. मी ओरडले, तिने ब्रेक दाबला, आणि गाडी पुढची चाके पट्ट्यांवर ठेवून थांबली. कोणालाही काही झाले नाही. ‘थांबलेच ना वेळेवर?’ एवढेच ती म्हणाली. मागे बसलेला माझा दहा वर्षांचा भाऊ मात्र घर येईपर्यंत काही बोलला नाही. तिचा अपमान न करता, पण तिला खरोखर ऐकू जाईल अशा रीतीने हे कसे सांगावे?

आकडेमोड

आकड्यांनी माणसे बदलतात असा माझा अनुभव नाही. तरी आपल्या आईच्या युक्तिवादात जी फट आहे, ती आकड्यांमुळे स्पष्ट दिसते, म्हणून थोडे लिहितो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. एखादा पत्ता वाचायला तीन सेकंद लागले, तर ५० मीटर रस्ता चालकाने न पाहता पार केलेला असतो, आणि वेग ८० असेल व नजर पाच सेकंद खाली असेल, तर हेच अंतर ११० मीटरच्या पुढे जाते. वीस वर्षांचे कौशल्य येथे कामी येत नाही. ते हातापायांत असते, आणि हातापायांना निरोप डोळ्यांकडूनच जावा लागतो. आपण ओरडलात तेव्हा तो निरोप डोळ्यांऐवजी कानांवाटे गेला, इतकेच. ज्या दिवशी आपण शेजारी नसाल, त्या दिवशी तो जाणार नाही.

यावर त्या ‘मग मी फोन हातात न धरता बोलेन’ असे म्हणतील, हे जवळजवळ नक्की आहे. त्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट अशी की, १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रेडेलमायर आणि टिब्शिरानी यांचा टोरँटोतील ६९९ चालकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यात आढळले, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झाल्याचे दिसले नाही. याचे कारण असे की, बोलण्यात मन गुंतले की डोळे रस्त्यावर असूनही समोरची वस्तू ‘दिसत’ नाही. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आभासी गाडीतील प्रयोगांत हेच पुन्हा पुन्हा दाखवले आहे. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे त्यामानाने कमी बाधक ठरते, कारण रस्त्यावर गडबड दिसली की तो माणूस आपोआप गप्प होतो, किंवा आपल्यासारखा ओरडतो. फोनच्या पलीकडच्या व्यक्तीला यातले काहीच दिसत नसते.

सिग्नलला गाडी उभी असताना संदेश पाहिला तर काय बिघडते, असेही विचारले जाते. अमेरिकेतील ‘एएए’ या वाहनचालक संघटनेच्या प्रतिष्ठानाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आवाजी आज्ञा देऊन केलेले काम संपल्यावरही मन पूर्णपणे रस्त्यावर परत यायला काही यंत्रणांच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागल्याचे आढळले होते. सिग्नल सुटल्यावर तेवढ्या वेळात गाडी, ताशी ४० च्या वेगानेही, ३०० मीटर पुढे गेलेली असते.

स्पष्टवक्ती

आकडे चांगले आहेत, पण मला या चर्चेत एका गोष्टीची घाई वाटते. आई पटून बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत तुझा भाऊ मागच्या सीटवर बसणारच आहे. म्हणून पटवणे आणि नकार देणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. गाडी सुरू होण्यापूर्वी, आवाज न चढवता, तिला सांग: ‘फोन बंद राहणार असेल तर आम्ही बसतो, नाहीतर आम्ही दुसऱ्या मार्गाने येतो.’ आणि मग खरोखरच दुसऱ्या मार्गाने जा, जरी उशीर झाला तरी. ही धमकी नाही, कारण यात तू तिचे काहीच अडवत नाहीस. चालू गाडीत मात्र फोन हिसकावून घेऊ नकोस, किंवा वाद उकरून काढू नकोस. त्या क्षणी तू स्वतःच तिचे लक्ष विचलित करणारा फोन होतेस. फार तर शांतपणे ‘गाडी बाजूला घे, तोवर मी थांबते’ एवढे म्हण.

जुना अपराधी

मी या चर्चेत दुसऱ्या बाजूने, म्हणजे आपल्या आईच्या बाजूने, लिहीत आहे, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत मी स्वतः असाच चालक होतो. पत्नीचे बोलणे मला कटकट वाटे, आणि वर्तमानपत्रातील बातम्या इतरांच्या वाटत. कटकट वाटण्यामागचे कारण मला आता कळते: ‘फोन ठेवा’ हे शब्द मला ‘तुम्हाला गाडी चालवता येत नाही’ असे ऐकू येत असत, आणि त्यावर माणूस आपली बाजू मांडायला लागतो, ऐकायला नव्हे.

माझ्या बाबतीत जे घडले ते कोणी ठरवून केलेले नव्हते. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि तो मागे बसून डोळे मिटतो आणि उघडतो, असे मला आरशात अनेकदा दिसे. झोप येत असावी, असे मी धरून चाललो होतो. एकदा घरी पोहोचल्यावर सहज विचारले, तर म्हणाला, ‘बाबा, तुम्ही फोनकडे बघायला लागलात की मी पण डोळे मिटतो. तुम्हाला किती वेळ रस्ता दिसत नाही ते मोजतो.’ मी विचारले नाही, तरी त्याने मला त्या दिवशीचा सर्वांत मोठा आकडा सांगितला. तो सात होता. पोरगा भरभर मोजत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली, पण ती फार टिकली नाही.

हा प्रसंग उसना घेता येत नाही, पण त्यातला प्रयोग घेता येतो. एखाद्या दिवशी गाडी आपण चालवा आणि आईंना शेजारी बसवा. रस्ता मोकळा असताना त्यांना पाच सेकंद डोळे मिटून राहायला सांगा. आपण गाडी नीट चालवत आहात हे त्यांना ठाऊक असेल, त्यांनीच शिकवले आहे, तरीही बहुधा त्यांना पाच सेकंद निघणार नाहीत. त्यावर भाष्य करू नका.

आणखी एक गोष्ट विचारतो, राग मानू नये. त्यांना त्या वेळेत फोन करते कोण? मी जेव्हा माझ्या फोनमधली यादी पाहिली, तेव्हा कामाचे म्हणून जे फोन मी घेत होतो, त्यांतले निम्म्याहून अधिक ‘कुठपर्यंत आलात?’ असे विचारणारे होते, आणि ते माझ्याच घरून येत होते.

नकाशावाचक

थोडेच लिहितो. पत्ता शोधणे आणि मार्ग लावणे ही कामे गाडी निघण्याआधी करायची, हे एकदा अंगवळणी पडले की निम्मी हालचाल संपते. आयफोनमध्ये २०१७ पासून गाडी चालवताना सूचना थांबवण्याची सोय आहे. संदेश पाठवणाऱ्याला ‘मी गाडी चालवत आहे’ असे उत्तर त्यातून आपोआप जाते, त्यामुळे ‘उत्तर दिले नाही तर लोक काय म्हणतील’ ही चिंता उरत नाही. इतर बहुतेक फोनमध्येही याच्या जवळपासचे काहीतरी सापडते. ते आईच्या नकळत मात्र लावू नका.

शेजारची जागा

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहीत आहे, कारण मध्ये सांगण्यासारखे काही नव्हते.

‘जुना अपराधी’ यांच्या शेवटच्या प्रश्नाने मी ओशाळले. आईसोबत बसून तिच्या फोनमधली एका आठवड्याची यादी पाहिली. कामावरून घरी येण्याच्या वेळेतील १४ फोनांपैकी चार कामाचे होते, सहा आजीचे, आणि चार माझे. पट्ट्यांवरच्या त्या प्रसंगात ती जो पत्ता वाचत होती, तोही तिच्या सांगण्यावरून मीच पाठवलेला होता, तिच्या शेजारी बसून. हे मी पहिल्या लेखनात लिहिले नव्हते. लिहिताना ते मला सुचलेही नव्हते, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल. मी हे तिच्यासमोर कबूल केले, तेव्हा पहिल्यांदाच ती स्वतःची बाजू न मांडता ऐकत राहिली.

डोळे मिटण्याचा प्रयोगही केला. तिने तीनला डोळे उघडले आणि मला सांगितले की मी गाडी फार डावीकडे घेते.

सध्या इतके ठरले आहे की संदेश ती गाडीत वाचणार नाही आणि मार्ग निघण्याआधी लावणार. बोलण्याच्या बाबतीत ती अजून अडून आहे. ६९९ चालकांचा तो अभ्यास फार जुना आहे, असे तिचे म्हणणे आहे, आणि तेव्हापासून फोन बदलले असले तरी माणसाचे डोके बदललेले नाही, असे माझे. आम्ही सोबत असतो तेव्हा फोन मागच्या सीटवर भावाकडे असतो. काल आजीचा फोन त्याने घेतला आणि ‘आई गाडी चालवते आहे, पोहोचली की करेल’ असे मोठ्या अधिकाराने सांगितले. आजीने मग त्यालाच घर येईपर्यंत गप्पांत धरून ठेवले.

स्पष्टवक्ती

छान. आणि ती एकटी असते तेव्हा?

शेजारची जागा

तेव्हाचे मला माहीत नाही, आणि विचारून खरे उत्तर मिळेल असेही वाटत नाही. माझ्या हातात जे होते ते केले आहे: तिच्या येण्याच्या त्या पाऊण तासात मी तिला फोन करत नाही. आजीलाही त्याची सवय लावत आहे, ते जास्त अवघड आहे. पोहोचल्यावर आई गाडी लावून मला ‘आले’ एवढा संदेश पाठवते. काल तो वीस मिनिटे उशिरा आला. मी फोन केला नाही, खिडकीशी उभी राहिले.