मदत हवी आहे: सांध्यांचं इंजेक्शन चालू असताना सोरायसिस कसा होतो?

रानजाई
दादाला इंजेक्शन सुरू केल्यापासून सांधे चांगले मोकळे झाले. पण आता तळहात-तळपायांवर पिवळसर पुळ्या आल्यात, कातडी सोलतेय, पाऊल टेकवत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सोरायसिस सांगितलं. हेच इंजेक्शन सोरायसिसवर देतात ना? मग त्यानेच तो कसा होईल? रुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचे डॉक्टर) म्हणतात, आयएल-१७ हा सूज आणणारा निरोप अडवणारं इंजेक्शन घेऊ. पुढच्या डोसच्या आत ठरवायचंय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी लवकर सांगा. "नेटवर शोधा" म्हणू नका, तेच करून डोकं भणभणलंय.

साधासरळ
कुठलं इंजेक्शन? आजार कोणता? आमवात की मणक्याचा?

रानजाई
टीएनएफवालं. मणक्याचा.

साधासरळ
टीएनएफ अडवणारी पाच औषधं आहेत, ताई. नाव सांगा.

रानजाई
अडालिमुमॅब. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, बी२७ जनुक पॉझिटिव्ह. आता तरी कुणी उत्तर देईल का?

मोकळा_श्वास
सगळी इंजेक्शनं आधी बंद करा. मी गहू आणि दूध सोडलं, माझा आमवात आटोक्यात आहे. शरीराचे संदेश दाबून टाकायचे नसतात.

प्रयोगवही
मोकळा_श्वास, तुम्हाला बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण दुसऱ्याचं औषध बंद करायला सांगू नका. या आजारात सूज चालू राहिली तर मणके एकमेकांना जुळत जातात आणि ते पुन्हा सुटत नाहीत.

रानजाई, तुमच्या प्रश्नाकडे येते. टीएनएफ हा सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी एकमेकींना धाडलेला निरोप. तो सूज वाढवतो, हे खरंच. पण तोच दुसरीकडे लगामही धरतो. त्वचेत प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक पेशी असतात, त्या इंटरफेरॉन-अल्फा सोडतात. टीएनएफ त्यांना आवरतो. तो अडवला की काही जणांत इंटरफेरॉन सुटतच राहतो आणि त्वचेवर सोरायसिससारखं उमटतं, बऱ्याचदा तळहात-तळपायांवरच. याला पॅराडॉक्सिकल सोरायसिस म्हणतात. हा परिणाम माहितीतला आहे, दादाचं काही चुकलेलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातही असंच झालं: तिथे टीएनएफ वाढलेला दिसतो म्हणून तो अडवणारं लेनरसेप्ट देऊन पाहिलं, तर रोगाचे झटके वाढले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष छापून आले.

निशिगंध
टीबीची तपासणी केली होती का? टीएनएफ फुफ्फुसातल्या जंतूंना गाठीत कोंडून ठेवतो. औषधाने ती गाठ सैल पडते, म्हणून आधी बघतात.

रानजाई
केली होती, निगेटिव्ह. माझा प्रश्न तो नाहीये.

निशिगंध
बरं. आणि जिवंत विषाणूची लस मात्र घेऊ देऊ नका.

हिरवा_चाफा
माझ्या काकूंना इटानरसेप्टने खूप छान गुण आला. तेच करा.

साधासरळ
तेही टीएनएफच अडवतं, मग फरक काय पडणार?

हिरवा_चाफा
पडला ना काकूंना! त्यांचा सीआरपी (सूज दाखवणारा रक्तातला आकडा) पार खाली आला.

साधासरळ
नुसत्या सीआरपीवर जाऊ नका. तो यकृतात आयएल-६ या सायटोकाइनच्या सांगण्यावरून बनतो. टोसिलिझुमॅब देऊन आयएल-६ अडवलं की सीआरपी पडतोच, सूज असो वा नसो.

हिरवा_चाफा
टोसिलिझुमॅबचं नाव मी घेतलंच नाही!

प्रयोगवही
तो वाद नंतर. रानजाई, पोटाचा काही त्रास? शौचातून रक्त, वारंवार जुलाब, आतड्याचं जुनं निदान?

रानजाई
पोटाचा काय संबंध? क्रोन्स (आतड्याच्या सुजेचा आजार) होता, पण अडालिमुमॅबवर शांत आहे. रुमॅटॉलॉजिस्ट नवीन आहेत, जुन्या फाइली त्यांच्याकडे नाहीत.

प्रयोगवही
मग त्यांना हे आजच कळायला हवं. आयएल-१७ त्वचेत आणि मणक्यात सूज आणतो, म्हणून तो अडवणारं सेक्युकिनुमॅब दोन्हींवर चालतं. पण आतड्यात तोच अस्तर धरून ठेवतो आणि बुरशीला रोखतो. क्रोन्सच्या रुग्णांवर सेक्युकिनुमॅबची चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले: नुसत्या प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या डोसपेक्षा) रुग्णांचं जास्त बिघडलं. अडालिमुमॅब मणका आणि आतडं दोन्ही सांभाळत होतं. ते काढून आयएल-१७ वालं दिलं, तर आतडं उघडं पडेल. इटानरसेप्टही नको, क्रोन्सवर त्याचा उपयोग होत नाही.

रानजाई
मग आयएल-२३ वालं? ते त्वचा आणि आतडं दोन्हींवर चालतं असं वाचलं.

प्रयोगवही
बरोबर वाचलंत. पण मणक्यावर ते फसलं. आयएल-२३ अडवणारी उस्टेकिनुमॅब आणि रिसँकिझुमॅब, दोन्ही अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या चाचण्यांत कमी पडली. जॅक रोधक गोळ्या एकदम अनेक सायटोकाइनांचे निरोप पेशीच्या आत अडवतात. त्यांतली उपाडासिटिनिब मणक्यावर आणि क्रोन्सवर, दोन्हींवर मान्य आहे. पण या गटाला रक्ताच्या गुठळ्या आणि हृदयविकाराचा इशारा जोडलेला आहे, म्हणून दादाचं वय, धूम्रपान, आधीचे आजार सगळं सांगा. पुरळ आवरण्याजोगं असेल तर अडालिमुमॅब चालू ठेवून त्वचेवर लावायचं औषध देणं, हाही मार्ग असतो.

मोकळा_श्वास
आणि आहाराचं काय?

रानजाई
आहार नंतर बघू. प्रयोगवही, मनापासून आभार. रुमॅटॉलॉजिस्टना आत्ताच फोन लावते, पोटाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय आयएल-१७ सुरू करू नका म्हणून. क्रोन्सची फाइल दादाकडून मागवलीय. अडालिमुमॅबचा डोस तोवर लांबवला तर चालतो का, हे कुणाला माहीत आहे?

प्रयोगवही
आपल्या मनाने लांबवू नका. त्याच फोनवर विचारा.