वडिलांना चालणे जमत नाही; हंपी बॅटरी गाडीतून किती पाहता येईल?

नंदगडकर (ता. खानापूर)

सर्वांना नमस्कार. माझे वडील वारकरी आहेत. तरुणपणापासून आषाढीची पायी वारी करणाऱ्या या माणसाचे आता दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि डॉक्टरांनी पायऱ्यांची चढउतार टाळण्यास सांगितले आहे. सपाट जमिनीवर काठी टेकत ते शे-दोनशे पावले चालतात, त्यानंतर त्यांना बसावेच लागते. पंढरीचा विठुराया काही काळ विजयनगरला होता आणि भानुदास महाराजांनी त्याला परत आणले, ही कथा कीर्तनांतून ऐकतच ते मोठे झाले, त्यामुळे विजयनगरची जुनी राजधानी असलेल्या हंपीचे विठ्ठल मंदिर एकदा पाहावे, ही त्यांची फार जुनी इच्छा आहे.

तिथे बॅटरीवर चालणाऱ्या गोल्फ कार्टसारख्या गाड्या आहेत, असे ऐकले. एकाच गाडीत गाईडसह बसून सगळी जुनी नगरी पाहता येते का, की गाडी काही ठरावीक ठिकाणीच जाते? माहिती देणारा मराठी माणूस मिळेल का? शेवटचा प्रश्न मनाला जास्त लागलेला आहे: जर निम्मेच पाहता येणार असेल, तर त्यांना एवढ्या लांब नेणे योग्य होईल का? दिवाळीनंतर निघण्याचा विचार आहे.

टिळकवाडीकर

नमस्कार. ज्येष्ठ नागरिकांच्या छोट्या गटांबरोबर माझे हंपीला नेहमी जाणे होते, म्हणून उत्तर देतो.

आपण ऐकलेले अर्धे बरोबर आहे. बॅटरी गाड्या विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या साधारण एक किलोमीटरच्या वाटेवर चालतात. आपली मोटार गज्जल मंडपाजवळच्या वाहनतळावर उभी करावी लागते, कारण धूर आणि हादरे यांपासून मंदिर वाचावे म्हणून त्यापुढे खाजगी वाहनांना सोडत नाहीत. तिथून तिकीट काढून बॅटरी गाडीत बसायचे, मंदिरापाशी उतरायचे आणि पाहून झाले की त्याच मार्गाने परत यायचे. या गाड्या चालवणाऱ्यांत परिसरातल्या महिला आहेत आणि त्या म्हाताऱ्या माणसांना बसायला-उतरायला पुरेसा वेळ देतात, हा माझा अनुभव आहे.

बाकीची हंपी मात्र फार पसरलेली आहे. विरूपाक्ष मंदिराचा भाग एकीकडे, कमलापूरच्या बाजूचा राजवाड्यांचा भाग दुसरीकडे आणि विठ्ठल मंदिर ईशान्येला नदीकाठी. विरूपाक्षाच्या बाजूने नदीकाठच्या पायवाटेने विठ्ठल मंदिर जवळ पडते, पण ती वाट खडकांतून आणि पायऱ्यांवरून जाते, त्यामुळे आपल्या वडिलांसाठी तिचा विचारही करू नये. मोटारीने कमलापूरकडून वळसा घालून यावे लागते. हा सगळा प्रवास आपल्या गाडीने किंवा दिवसभरासाठी ठरवलेल्या रिक्षेने करता येतो. रिक्षा मला अधिक सोयीची वाटते, कारण ती अगदी जवळ नेऊन उभी करता येते.

पर्यटन खात्याचे परवानाधारक गाईड कन्नड, हिंदी आणि इंग्रजी बोलतात; मराठी बोलणारा मिळेलच, असे धरून चालू नये. पण खानापूर भागातल्या माणसाला कन्नडची अडचण असण्याचे कारण नाही. गाईड पहिल्या ठिकाणापासूनच बरोबर घ्यावा आणि त्याला गाडीत आपल्याशेजारीच बसवावे, म्हणजे सांगण्याचा बराच भाग बसल्या बसल्या होतो आणि उतरल्यावर वडिलांना उन्हात उभे राहून ऐकावे लागत नाही. दोन दिवस हाताशी ठेवले तर महत्त्वाचे सगळे होते.

निवृत्त शिक्षक, निपाणी

टिळकवाडीकरांनी सोय चांगली सांगितली आहे. मला त्याच एका किलोमीटरविषयी लिहायचे आहे, कारण बहुतेक लोक ती वाट केवळ वाहनतळ ते मंदिर एवढीच समजतात आणि गाडीत मोबाइल पाहत बसतात. वास्तविक ती विठ्ठल मंदिराची बाजारपेठ आहे. वाटेच्या बाजूला दगडी खांबांच्या ज्या ओळी दिसतात, ती एकेकाळची दुकाने होती. त्याच वाटेवर कुदुरे गोंबे मंडप लागतो. त्याच्या खांबांवर घोडेस्वार कोरलेले आहेत. विजयनगरच्या सैन्याला घोडे समुद्रापलीकडून येत. अरबस्तान आणि इराणकडचे घोडे गोवा, भटकळ अशा बंदरांत उतरत आणि घाट चढून इकडे आणले जात. मंदिरात पोहोचल्यावर मुख्य मंडपाच्या जोत्याकडे पाहावे, तिथे घोडे आणि त्यांना धरून उभे असलेले परदेशी व्यापारी एका ओळीत कोरलेले आहेत. जोत्यावर चढण्याची गरज नाही, हे शिल्प खाली उभे राहून किंवा घडीच्या खुर्चीवर बसून नीट दिसते. गाडीतून पाहिलेला बाजार आणि जोत्यावरचे घोडे यांचा संबंध वडिलांना सांगितला, तर ते मंदिर त्यांना नुसत्या नक्षीकामापेक्षा पुष्कळ अधिक वाटेल.

आता एक गोष्ट आधी सांगून ठेवणे आवश्यक आहे. विठ्ठल मंदिराच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही आणि तिथे पूजाही होत नाही. 23 जानेवारी 1565 रोजी तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा कारभारी रामराय पडला, त्यानंतर ही राजधानी लुटली गेली आणि पुन्हा उभी राहिली नाही. वारकरी माणूस मनात दर्शन ठेवून निघालेला असतो. ओस गाभारा त्याला अचानक दिसू नये. भानुदास महाराजांची कथा आपण श्रद्धेने सांगतो. ते संत एकनाथांचे पणजोबा होते आणि कृष्णदेवरायाने नेलेली मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असे वारकरी परंपरा मानते. इतिहासाचे अभ्यासक या कथेकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतात, परंतु कथा मानणाऱ्याच्या दृष्टीने रिकामा गाभारा हीच तिची खूण ठरते. आपल्या वडिलांना हे घरीच सांगितले, तर मला वाटते ते दुःखी होणार नाहीत, उलट त्या उंबऱ्याकडे ते अधिक आस्थेने पाहतील.

शिवाय तिथे विठ्ठलभक्तीचा दुसरा मोठा धागा आहे. कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदे 'पुरंदर विठ्ठल' या नाममुद्रेने संपतात आणि एक परंपरा त्यांचे जन्मस्थान आपल्या पुण्याजवळचा पुरंदरगड मानते. मंदिराजवळ तुंगभद्रेच्या काठी त्यांच्या नावाचा मंडप आहे. तुंगभद्रा धरणातून जास्त पाणी सोडले की तो बुडतो आणि एरवीही तिथवर बॅटरी गाडी जात नाही, म्हणून तो पाहण्याचा आग्रह धरू नये. मात्र गाईडला पुरंदरदासांविषयी अवश्य विचारावे. बरेच गाईड राजाच्या तुलाभाराची दगडी कमान, संगीत खांब आणि पन्नास रुपयांच्या नोटेवरचा दगडी रथ एवढ्यावर थांबतात. विचारल्याशिवाय ते दासांकडे वळत नाहीत.

रथाविषयीही दोन वाक्ये. तो मुळात गरुडाचे मंदिर आहे. त्याच्यावर पूर्वी विटांचे शिखर होते, एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या छायाचित्रांत ते दिसते. रथाला आणि संगीत खांबांना हात लावण्यास किंवा ते वाजवून पाहण्यास आता मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण लाखो लोकांच्या टिचक्यांनी दगडही झिजतो.

वडगावची लेक, सध्या गदग

दादा, माझ्या आईच्याही गुडघ्यांचे असेच आहे, म्हणून केवळ अनुभवाचे लिहिते. बॅटरी गाडीत शेवटच्या रांगेची आसने बहुधा मागच्या बाजूला तोंड करून असतात. तिथे गुडघे आखडलेल्या माणसाला हादरे जास्त लागतात आणि उतरताना तोल सांभाळणे कठीण जाते. वडिलांना मधल्या रांगेत, कडेच्या दांड्याजवळ बसवा. गाडीला दार नसते, म्हणून काठी आडवी धरू नका. ती बाहेर आली की दुसऱ्याला लागते.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाडीसाठी रांग लागते, विशेषतः दुपारी परतताना. रांगेत उभे राहणे हेच आईला सर्वांत जड गेले. त्यामुळे कामाच्या दिवशी सकाळी लवकर विठ्ठल मंदिर करावे आणि ऊन चढण्याआधी तिथून निघावे. नोव्हेंबरात सुद्धा तिथले खडक दुपारी तापतात. घडीची हलकी खुर्ची मात्र नक्की जवळ ठेवा, कारण आवारात सावलीत बसायला जागा प्रत्येक ठिकाणी मिळत नाही. गोपुराच्या दारात पायऱ्या आहेत, तिथे दोघांनी दोन बाजूंनी धरावे लागेल. आत गेल्यावर आवार बऱ्यापैकी सपाट आहे.

निम्मेच पाहून यावे का, असे आपण विचारले आहे. माझी आई महानवमी दिब्ब्यावर (राजवाड्यांच्या भागातल्या उंच दगडी चौथऱ्यावर) चढली नाही, हेमकूट टेकडीवर गेली नाही, पण लक्ष्मी-नरसिंहाच्या मूर्तीसमोर ती कितीतरी वेळ बसून होती. न पाहिलेल्या ठिकाणांविषयी तिने एकदाही विचारले नाही.

टिळकवाडीकर

ताईंनी नरसिंहाचा उल्लेख केला ते बरे झाले. रस्त्यापासून थोड्याशा सपाट चालण्यात पोहोचता येते, अशी हंपीतली उत्तम ठिकाणे म्हणजे तो नरसिंह आणि शेजारचे बडवी लिंग हे मोठे शिवलिंग. नरसिंह 1528 चा, एकाच शिळेत कोरलेला आणि 6.7 मीटर उंच. त्याच रस्त्यावर कृष्ण मंदिर आणि ससिवेकाळु गणपती आहेत. राजवाड्यांच्या भागात कमळ महाल आणि 11 दालनांची हत्तीशाळा यांचे आवार सपाट आहे, पण आत चालणे बरेच होते. तिथे वडिलांनी कमळ महालापाशी थांबावे आणि हत्तीशाळा दुरून पाहावी. महानवमी दिब्बा खालूनच दाखवावा, त्याच्या बाजूंवरची शिल्पे जमिनीवरून दिसतात.

गुरुजींशी माझा एका बाबतीत थोडा मतभेद आहे. फक्त विठ्ठल मंदिरावर सगळा वेळ द्यावा, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख वाटतो. माझ्या मते ज्या माणसाला रिकामा गाभारा पाहायचा आहे, त्याला आदल्या संध्याकाळी विरूपाक्षाचे दर्शन घडवावे, कारण तिथे पूजा आजही अखंड चालू आहे आणि देवळात घंटा, फुले, भाविक सगळे आहेत.

निवृत्त शिक्षक, निपाणी

आपले म्हणणे मला पटते. विरूपाक्ष आधी आणि विठ्ठल नंतर, हा क्रम अधिक चांगला आहे. माझी एक भर: शक्य झाल्यास सर्वांत आधी कमलापूरचे पुरातत्त्व संग्रहालय पाहावे. तिथल्या अंगणात सगळ्या हंपीची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे. टेकड्या, नदी, मंदिरे आणि राजवाडे कुठे आहेत ते तिच्याभोवती फिरून एका नजरेत कळते. ज्यांना सगळीकडे जाता येणार नाही, त्यांना आपण नगरीच्या कोणत्या कोपऱ्यात आहोत हे त्यामुळे पुढचे दोन दिवस समजत राहते. शुक्रवारी संग्रहालय बंद असते, एवढे लक्षात ठेवावे.

नंदगडकर

गुरुजी, ताई, टिळकवाडीकर, सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे काल रात्री वडिलांना वाचून दाखवली. गाभाऱ्यात मूर्ती नाही हे ऐकून ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "देव पंढरीला आहे हे ठाऊकच आहे की. तो जिथून आला ती जागा बघायची आहे." त्यामुळे जाणे आता पक्के झाले आहे.

दोन शंका राहिल्या. बेळगावहून हुबळी, गदग, कोप्पळमार्गे मोटारीने एका दिवसात जाणे त्यांना झेपेल का? आणि संग्रहालयाचे, विठ्ठल मंदिराचे, कमळ महालाचे तिकीट वेगवेगळे काढावे लागते का?

टिळकवाडीकर

अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटे निघून हुबळीत आणि गदगमध्ये थांबत गेलात तर दुपारी होसपेटला पोहोचाल. प्रत्येक थांब्यावर त्यांना पाच-दहा मिनिटे पाय मोकळे करू द्या, सलग बसण्यानेही गुडघे आखडतात. मोटार नको असेल तर हुबळीहून गदग-कोप्पळ मार्गाने होसपेटला रेल्वेने जाता येते आणि तिथून हंपी जेमतेम 13 किलोमीटर आहे. होसपेटला खोली घेताना तळमजल्याची किंवा लिफ्ट असलेली मागा. आधी फोनवर विचारून घ्या.

विठ्ठल मंदिर, कमळ महालाचे आवार आणि संग्रहालय यांना पुरातत्त्व खात्याचे एकच तिकीट चालते, पण त्याच एका दिवसापुरते. बॅटरी गाडीचे तिकीट वेगळे असते. म्हणून पहिल्या दिवशी दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी फक्त विरूपाक्ष करा. दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठल मंदिर, ऊन चढले की संग्रहालयाची सावली आणि उतरत्या उन्हात कमळ महाल. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे प्रतिकृती आधीच दाखवायची असेल, तर पहिल्या दिवशी संग्रहालयाचे तिकीट काढा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. भारतीयांसाठी त्याची रक्कम फारशी नाही. मंगळवारी किंवा बुधवारी निघालात, तर संग्रहालयही उघडे मिळेल आणि बॅटरी गाडीची रविवारची रांगही चुकेल.